प्रसूतिगृहाची बावीस दारं

२ जून, रविवार

सगळ्या दारांचं पॅकिंग फाडून ठेवलंय गाढवाने. मी आणि आमच्या म्हाताऱ्या कारागिराने आठ दिवस खपून एकेका दाराला प्लास्टिक गुंडाळलं, वर गोणपाट शिवलं, जहाजातून एक ओरखडा न येता बावीस दारं इथवर आली, आणि धाकट्याने ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पट्ट्यांवर उघडीनागडी मांडून ठेवली आहेत. का, तर म्हणे, "इथली हवा लागू दे त्यांना, दादा. पंधरा दिवस तरी." दारं आहेत की हवापालटाला आलेले पेशंट?

बारा वर्षांनी भावाला पाहिलं आणि पहिलं वाक्य त्याच्यावर ओरडूनच बोललो. तो हसला आणि माझी बॅग उचलली. लहानपणीही असाच होता. भांडायला उभं राहावं तर हा खाली बसून बूट पुसायला घ्यायचा. म्हणून ही वही काढली. राग कुठेतरी ठेवायला हवा.

इथे हवा नाहीच. नुसतं पाणी आहे, अजून पडायचं बाकी असलेलं. गाडीत बसल्या बसल्या सदरा पाठीला चिकटला. पावसाळा तोंडावर आहे असं धाकटा वाटेत तीन वेळा म्हणाला. आमच्याकडेही पाऊस पडतो, म्हटलं. त्याने काचेवरची वाफ पुसली.

तो इथल्या हॉस्पिटलचा सुतारमिस्त्री आहे. भावजय त्याच हॉस्पिटलात नर्स. प्रसूतिगृहाची नवीन इमारत झाली आहे, तिची दारं आमच्या कारखान्यातून मागवायची बुद्धी याला झाली, एवढं एक बरं. शेवटी घरच्या दारांची आठवण आलीच म्हणायची. दारं पाठव, मी बसवून घेतो, असं त्याचं म्हणणं होतं. मी स्पष्ट सांगितलं की आमची दारं आम्हीच बसवतो. घरचीने बॅग भरताना औषधांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, भांडू नका. जणू मी भांडायला आलोय.

३ जून

आज मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. सगळं हॉस्पिटल त्यांच्या शब्दावर चालतं. सतरा तारखेला तपासणी, मग नवीन इमारत सुरू. त्यांनी माझ्यासमोर धाकट्याला विचारलं, लेखी हमी दिली आहेस, लक्षात आहे ना? एक जरी दार अडलं तर दारं परत जातील आणि तूही जाशील. आणि नोकरी गेली की इथे राहण्याचा परवानाही जातो, हे भावजयीने मला संध्याकाळी ऐकवलं. मी म्हटलं, मग काळजी कसली? दारं माझी आहेत.

धाकट्याने मात्र कामाला हात घालण्याआधीच खोट काढली. म्हणाला, फट जास्त ठेवू या. चार मिलिमीटर. चार! त्या फटीतून उंदराचं अख्खं कुटुंब जाईल. आमच्या कारखान्याची परीक्षा तो विसरला की काय? वडिलांनी घालून दिलेली आहे. पोस्टकार्ड दोनदा दुमडायचं, बंद दाराच्या फटीत घालायचं आणि तिन्ही बाजूंनी फिरवायचं. ते घासत गेलं पाहिजे. सैल गेलं तर दार परत टेबलावर, अडकलं तरी परत टेबलावर. मी ते पोस्टकार्ड चाळीस वर्षं खिशात बाळगतोय. काढून दाखवलं त्याला. त्याने हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं.

मदतीला एक सुतार दिला आहे. त्याचं नाव मी होहो ठेवलं, कारण तो कशालाही हो म्हणतो. धर म्हटलं की हो, सोड म्हटलं की हो, कळलं का म्हटलं तरी हो. असल्या माणसाचा मला संताप येतो. दिवसभरात तीन दारं बसवली. पोस्टकार्ड तिन्हींत फिरलं.

६ जून

पाऊस सुरू झाला. त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. परवा दुपारी कोणी नळ सोडला तो बंद करायला विसरले, एवढंच.

दोन दिवसांत माझ्या चामडी पट्ट्याला हिरवी बुरशी आली. काड्यापेटी पेटत नाही. धुतलेली बनियन तिसऱ्या दिवशीही ओली, ती तशीच चढवून कामाला गेलो. आणि धाकट्याच्या घरातली कपाटं! त्याने स्वतः केलेली. खणांना एवढाल्या फटी, आतले कपडे बाहेरून दिसतात. वडिलांनी हे पाहिलं असतं तर कपाट आणि हा, दोघांनाही घराबाहेर काढलं असतं. तसं त्याला सांगितलंही. "उघडतात ना पण, दादा," म्हणाला. उघडण्याला काय, खोकंही उघडतं.

दुपारच्या उकाड्यात माझं डोकं चालत नाही. एक ते चार झोपतो. धाकट्यानेच ठरवून दिलंय हे, पंखा माझ्या खोलीत आणून लावला, खिडकीला पडदा लावला. त्याबाबतीत तक्रार नाही.

९ जून

आता बोला म्हणावं. सहा दिवस धो धो पडतोय. भिंतींना पाणी सुटलंय, जुन्या इमारतीतली सगळी दारं रडतात, नर्सबायका खांदे लावून उघडतात. आणि माझी तेरा दारं? बोटाने ढकलावीत. आज साडेचारला एकेका दारात पोस्टकार्ड फिरवलं. सगळीकडे तोच आवाज, तीच घासट. होहोला म्हटलं, बघितलंस? याला म्हणतात काम. तो हो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

लाकडाचा माथा कोरा ठेवायचा हे आमचं गुपित आहे. बाकी सगळ्या अंगांना लाखेच्या पॉलिशचे सहा हात, पण माथ्याला आणि तळाला एक थेंबही नाही. लाकडाला श्वास घ्यायला जागा हवी, असं वडील सांगायचे. तीन पिढ्या आम्ही तेच करत आलो. ही गोष्ट आज मी धाकट्याला जेवताना परत समजावली. त्याने मान हलवली आणि जेवता जेवताच पेंगायला लागला. त्याच्या कानाच्या पाळीत भुसा होता. मी म्हटलं, बसवायचं काम मी करतो आणि थकतोस तू? भावजय ताट उचलत म्हणाली, "दादा, तुमची झोप नीट होते ना दुपारची? तेवढं बघा."

तिच्या बोलण्यात काहीतरी खोच होती. बायकांच्या खोचा उलगडत बसायला मी मोकळा नाही.

१२ जून

एकोणीस झाली. उरलेली तीन म्हणजे बाळंतपणाच्या खोल्यांची. सगळ्यांत रुंद, दीड झडपेची, खाट आत जाईल अशी. ही मी घरी एकट्याने केली आहेत. आयुष्यात यापेक्षा बरं काम माझ्या हातून झालेलं नाही आणि पुढे होईलसं वाटत नाही. आज एक लावलं, उद्या दोन.

धाकट्याच्या उजव्या तळव्याला पट्टी आहे. विचारलं तर म्हणाला, फोड आला. सुताराच्या हाताला फोड! हात मऊ झाले तुझे, म्हटलं, नुसत्या बिजागऱ्यांना तेल घालून घालून. होहो खाली मान घालून हसला की काय कळलं नाही. घरचीचा फोन आला होता. धाकटा बरा आहे ना, असं दोनदा विचारलं. माझी चौकशी एकदाच.

१४ जून, शुक्रवार

रागाने लिहितोय. अक्षर नीट येणार नाही.

सकाळी नऊ नंबरच्या दारावर छतातून ओल उतरलेली दिसली. ओल दाराला लागलीय का बघायला स्टुलावर चढलो, माथ्यावर हात फिरवला आणि हात गुळगुळीत घसरला. पॉलिश! दाराच्या माथ्याला पॉलिश! आठ नंबरला चढलो, तेच. सात, तेच. तळपायाची आग मस्तकात गेली. होहोला धरून विचारलं, हे तू केलंस? हा पहिल्यांदाच हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. पटाशी ठेवून लघवीला जातो म्हणून जो गेला तो गेलाच.

मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचा. एकला नेहमीसारखा खोलीत गेलो, पंखा लावला आणि दीडला मागच्या दाराने निघून पावसातून हॉस्पिटलात आलो.

पाच नंबरचं दार उतरवून दोन घोडींवर आडवं घातलं होतं. रंधा धाकट्याच्या हातात. एका टोकाला होहो धरून उभा, दुसऱ्या टोकाला भावजय, ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यात, केसांवर सालपटं. जमिनीवर सालपटांचा ढीग. माझ्या लाकडाची सालपटं. बिजागरीच्या बाजूने काढत होते, म्हणजे मला दिसू नये. बिजागऱ्यांच्या खाचाही पटाशीने पुन्हा खोल केल्या होत्या. इतकं बेमालूम काम की मी दहा दिवस रोज त्यावरून हात फिरवला आणि मला पत्ता लागला नाही. तेही याला वडिलांनीच शिकवलेलं.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पेशंट बाहेर येऊन बघत होते. धाकट्याने रंधा खाली ठेवला.

"दार चांगलंच आहे तुझं, दादा. कोऱ्या माथ्यातून पाणी पितं म्हणून तिथे पॉलिश लावलं, तरी रोज थोडं फुगतं, एवढंच. मी रोज तुझं पोस्टकार्ड फिरेल एवढंच काढतो."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं की. चार मिलिमीटर म्हणालो होतो."

भावजय मध्ये पडली. म्हणाली, "दहा दिवस यांनी दुपारी पाठ टेकलेली नाही. सकाळी तुमच्याबरोबर दारं लावायची, दुपारी तीच उतरवायची, चारच्या आत परत लावायची. का, तर दादाला कळलं तर दादा मोडून जाईल. मला तर वाटतं तुम्ही मोडलात तरी चालेल."

असं कोणी माझ्याशी आजवर बोललेलं नाही. मी धाकट्याला सांगितलं, एकोणीस दारांची वाट लावलीस ती लावलीस. माझ्या शेवटच्या तीन दारांना रंधा लावलास तर मिळेल त्या विमानाने जाईन आणि पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. तो म्हणाला, सतरा तारीख, दादा. मी म्हटलं, शब्द दे. त्याने दिला.

१५ जून

दुपारी झोप आली नाही.

एक गोष्ट लिहितो, कारण इथे खोटं लिहून काय करू? पहाटे उठून एकटा बाळंतपणाच्या खोल्यांकडे गेलो. मधल्या दाराच्या कडीच्या बाजूला पोस्टकार्ड गेलं नाही. दोन इंच गेलं आणि थांबलं. ढकललं तर चुरगळलं. बाकी दोन दारांत जेमतेम गेलं.

मी कोणाला सांगितलं नाही. उद्या ऊन पडेल, दाराची सूज उतरेल. माणसं उगाच घाबरवून ठेवतात.

१६ जून

ऊन पडलं नाही. मी गेलो नाही बघायला.

१७ जून, सोमवार

झालं.

मोठ्या डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे चार माणसं वह्या घेऊन, धाकटा, मी. एकोणीस दारं उघडली, मिटली. बाई खूश. माझ्याकडे बघून म्हणाल्या, सुंदर काम आहे. मी मान हलवली. मला ते एकोणीस वेळा लागलं, कारण त्या प्रत्येक दारातला चांगुलपणा माझा नव्हता.

बाळंतपणाच्या मधल्या खोलीत बाई स्वतः गेल्या, नर्स म्हणून बरोबर भावजय. बाईंनी आतून दार लोटलं. नीट बसत नाही म्हणून जोराने लोटलं. ते बसलं आणि मग उघडलं नाही. आधी सगळे हसले. आतून बाईही काहीतरी गमतीने म्हणाल्या. मग आम्ही बाहेरून ढकललं, आतून त्यांनी ओढलं. मूठ हातात आली. पाच मिनिटं गेली. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. शेवटी होहो पावसात पाइपला धरून खिडकीतून आत उतरला आणि आतून बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून झडप सोडवली. अकरा मिनिटं लागली. वहीवाल्यांपैकी एकाने घड्याळ लावलं होतं.

बाई बाहेर आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "माझ्या जागी बाळंतीण असती, रक्त जात असतं, तर अकरा मिनिटांत मी काय केलं असतं? कोणाची चूक आहे ही?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. धाकटा एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "माझी. मापं मी चुकीची पाठवली. दादाने मापाबरहुकूम केलंय."

आणि मी तोंड मिटलं.

बाईंनी गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे. तोवर तिन्ही दारं नीट झाली नाहीत तर दारंही जातील आणि मिस्त्रीही. धाकटा हो म्हणाला. भावजय माझ्याकडे बघत होती. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता तरी आलं असतं.

त्रेसष्ट वर्षांचा घोडा झालो आणि धाकट्या भावाच्या मागे लपलो. थू.

१८ जून

सकाळी डॉक्टरीणबाईंना गाठायला गेलो. त्यांच्या खोलीबाहेर रांग होती, सगळ्या गरोदर बायका आणि मधोमध मी, छत्री गाळत. दीड तास बसलो. एकीने सरकून जागा दिली आणि विचारलं, सुनेचं आहे का? मी म्हटलं, माझंच आहे.

आत जाऊन सरळ सांगितलं. मापं बरोबर होती. फट मी ठेवली नाही. दार फुगलंय हे मला दोन दिवस आधी माहीत होतं. चूक माझी, धाकट्याला काढू नका.

बाईंनी पेन ठेवलं. मला वाटलं, आता चिडतील. तयारीने गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मापं बरोबर होती हे माझ्याकडे कागदावर आहे. तुमच्या भावाला मी इथलीच दारं घ्यायला सांगितलं होतं. इथलं लाकूड इथल्या पावसाला सरावलेलं असतं. तो म्हणाला, दादाचा कारखाना वर्षभर रिकामा आहे, दादा मागणार नाही, बावीस दारं मिळाली तर दादा उभा राहील. हमी मी लिहून देतो. मी देऊ दिली, ही माझी चूक."

म्हणजे त्याला आमच्या दारांची आठवण वगैरे काही आली नव्हती. कारखान्यात काम नाही हे त्याला घरचीने सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार? आणि मी इथे येऊन त्याच्या कपाटांना नावं ठेवत होतो, फोडाला हसत होतो, त्याने लावलेल्या पंख्याखाली घोरत होतो!

एवढा राग मला जन्मात आला नव्हता. दया करतो माझ्यावर! मी याला सायकल शिकवली, याच्या हातात पहिला रंधा मी दिला, याच्यासाठी वडिलांचा मार खाल्ला, आणि हा माझ्यावर दया करतो, तीही मला न विचारता. पावसात भिजत हॉस्पिटलला तीन चकरा मारल्या. राग त्याच्यावर आहे की घरचीवर की पावसावर, तिसऱ्या चकरेला कळेनासं झालं. चौथी मारली नाही, कारण चौथीत कळलं असतं.

बाई शेवटी काय म्हणाल्या ते राहिलंच. मुदत गुरुवारचीच आहे. चूक कोणाची का असेना, दार उघडलं पाहिजे.

१९ जून, बुधवार

जेवण झाल्यावर धाकटा मला म्हणाला, झोप जाऊन, मी बघतो. मी म्हटलं, झोप गेली खड्ड्यात, दार उतरव.

मधलं दार आम्ही चौघांनी उतरवून घोडींवर घातलं. रंधा त्याने हातात घेतला होता, तो मी काढून घेतला. माझं दार आहे. त्याला बोललो, बाईंकडे जाऊन आलोय, सगळं कळलंय मला, आणि कारखान्याची भीक पुन्हा घातलीस तर बघ. तो म्हणाला, "भीक नव्हती, दादा. मला दुसऱ्या कोणाची दारं आवडत नाहीत." मी म्हटलं, गप्प बस आणि टोक धर.

पहिला हात मारताना मनगट अडलं. कडीची बाजू, लाखेचे सहा हात, प्रत्येक हात मी दिलेला. एक लांब सालपट निघालं, मग दुसरं. मधून मधून तो वाकून पट्टीने त्याचे चार मिलिमीटर मोजायचा. अर्ध्या तासाने मी थांबलो. पोस्टकार्ड सहज जाईल एवढं निघालं होतं, थोडं सैलच. घाम डोळ्यांत जात होता. मी रंधा खाली ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला,

"अजून."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला काम सांगितलं. होहो माझ्याकडे बघत होता. भावजय दुसरीकडे बघत होती. मी आणखी पाच-सहा हात मारले. त्याने पुन्हा पट्टी लावली.

"अजून, दादा."

मला राग आला. मी अजून काढलं.